बारशाची कुसळं

वृंदाच्या अंगाला आवाज चिकटायचे. उन्हाळ्यात माळावरून चालत आलं की कपड्यांना कुसळं चिकटतात, अगदी तसेच. कुकरच्या शिट्टीचं कुसळ लांब आणि ताठ असायचं. मिक्सरची बारीक असायची, पण हजारांनी. ताट हातातून निसटलं की एकच, पण थेट मांसात जायचं. झगझगीत उजेडाची कुसळं पांढरी. ती केसांत अडकायची. अत्तराची, फोडणीची दिसायला मऊ, पण निघायला सगळ्यात चिवट. घड्याळाची टिकटिक मात्र तिला कधी चिकटली नाही आणि पंख्याची घरघरही नाही. पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच सांगून ठेवणारा आवाज चिकटत नाही, असं ती म्हणायची.

बार्शीच्या ढवळ्यांच्या घरात याचं कुणाला नवल नव्हतं. वृंदा ऑटिस्टिक आहे हे ती सत्तावीस वर्षांची असताना पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं. कुसळं त्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. ती शाळेतून यायची तेव्हा तिचा निळा फ्रॉक काळा दिसायचा.

आता वृंदा अडतीस वर्षांची होती. बियाण्यांच्या एका कंपनीत ती बी तपासायची. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, सात दिवसांनी किती उगवले ते बघायचं. त्या खोलीत ती आणि दाणे, एवढंच. तिथून ती कोरी यायची. कुसळं लागायची ती वाटेत, आणि घरात.

शलाका या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं ते बघितलं. संध्याकाळी सासूबाई, विमलाबाई, वृंदाला दारात उभी करून ओरबाडल्यासारखी कुसळं काढत होत्या. त्यांना भिशीला जायचं होतं.

"आई, तुटतायत," वृंदा म्हणाली.

"तुटू देत. वरची तर निघाली ना?"

रात्री जेवताना वृंदाचा घास हातातच राहिला. तुटलेली टोकं आत फिरत होती. विमलाबाई वाईट नव्हत्या. छत्तीस वर्षं त्या रोज कुसळं काढत होत्या आणि दमल्या होत्या. "सवय करून घेतली असती लहानपणीच, तर आज हे नसतं," असं त्या म्हणायच्या आणि ताटातली मऊ भाकरी वृंदाकडे सरकवायच्या.

शलाका शिकली. तिला कुणी शिकवलं नाही. ती विचारत गेली आणि वृंदा सांगत गेली. आधी ट्यूब बंद करायची. मग जाड वाकळ खांद्यावरून घट्ट गुंडाळायची, म्हणजे कुसळांची टोकं आपोआप सैल होतात. मग विचारायचं, "काढू का?" वृंदानं एक बोट वर केलं की हो. दोन केली की थांब. काढताना बोलायचं नाही, कारण बोलण्याचीही कुसळं होतात. आणि घुसलं असेल त्याच वाटेनं बाहेर काढायचं. कधी पाऊण तास लागायचा, कधी दोन. शेवटचं कुसळ निघालं की वृंदा हलकेच म्हणायची, "झालं." त्यानंतर ती खूप बोलायची. गमतीजमती सांगायची. कुठल्या दाण्याला आधी मूळ फुटतं, कुठला दाणा आळशी आहे. शलाकाला बहीण नव्हती. तिला वाटायचं, आपल्याला माहेरी जे मिळालं नाही ते इथं, या वाकळीच्या शेजारी मिळालं.

शलाकाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी वृंदा बाळंतिणीच्या खोलीत आली, पाळण्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि म्हणाली, "नाव मी ठेवणार. आत्या मी आहे."

"मग दुसरं कोण ठेवणार?" शलाका म्हणाली.

"मी ठरवलंय. आत्ता सांगणार नाही. आधी तिच्या कानात सांगायचं असतं."

वृंदानं खिशातून कागद काढला. त्यावर बारशाच्या अटी लिहिल्या होत्या. आठ माणसं. घरातच. सकाळी दहा वाजता. माइक नाही. नाव सांगताना आत्याच्या पाठीत कुणी धपाटे घालायचे नाहीत. खाली आठ जणांची नावं, दाणे मांडल्यासारखी एका ओळीत.

मकरंदनं, म्हणजे शलाकाच्या नवऱ्यानं, कागद वाचला. "ताई, एवढंच ना? डन," तो म्हणाला आणि कागद फ्रिजवर चुंबकानं लावला.

दुसऱ्या दिवशी कागदावर अकरा नावं होती.

"ही तीन कुणी लिहिली?" शलाकानं विचारलं.

विमलाबाईंनी चष्मा लावून बघितलं. "मी नाही लिहिली. पण अक्षर माझंच आहे."

"मग खोडू या."

"खोडायची कशी? नाव लिहिलंय म्हणजे त्यांना आमंत्रण गेलं."

आणि खरंच, दुपारी उस्मानाबादहून शकूमावशींचा फोन आला, की आम्ही सगळे येतोय, आमचं नाव बघून बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी नावं तेवीस झाली. काही मकरंदच्या अक्षरात होती, काही शेजारच्या कुलकर्णीकाकूंच्या. कागद पुरेना तेव्हा तो खालून वाढला. फ्रिजच्या दारावरून ओट्यापर्यंत आला आणि पुढच्या आठवड्यात फरशीवर पसरून बाथरूमच्या दिशेनं निघाला. घरातली माणसं त्याच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीकडून चालू लागली.

शलाकानं एकदा पेन घेऊन नावं खोडायला सुरुवात केली. बाळ रात्रभर जागलं होतं, टाके दुखत होते. चौदा नावं खोडून ती दमली आणि तिथंच बसली. समोर थोडी कोरी जागा होती. तिच्या मनात आलं, एवढी माणसं येणारच आहेत, तर अनघा आणि मृदुला का नकोत? कॉलेजच्या मैत्रिणी, बाळाला बघायला किती आतुर आहेत. तिनं दोन नावं लिहिली. ती तिनंच लिहिली, स्वतःच्या हातानं, जागी असताना. खोडलेली चौदा संध्याकाळपर्यंत पुन्हा उमटली होती.

वृंदा कागदाकडे बघायची. एकदाच तिनं विचारलं, "आठ होती ना?"

"बघते मी ताई. काहीतरी करते," शलाका म्हणाली.

घरात माणसं मावणार नव्हती. मकरंदनं मंगल कार्यालय ठरवलं. शलाकाही बघायला गेली, कारण तिला मॅनेजरशी बोलायचं होतं. मॅनेजर भला माणूस होता. त्यानं चहा मागवला.

"माइक नकोय आम्हाला," शलाका म्हणाली.

"माइक पॅकेजमध्येच आहे, मॅडम. काढता येत नाही."

"मग बंद ठेवा."

"त्याला बंद करायचं बटण नाहीये," तो म्हणाला आणि तिला माइक आणून दाखवला. नव्हतंच बटण. वायरही नव्हती. नुसता हातात धरला तरी तो श्वास मोठा करून सगळ्या हॉलला ऐकवत होता.

मग शलाकानं वधूची खोली मागितली. बारशाला वधू नसते, तेव्हा खोली रिकामीच होती. लहान, एका खिडकीची. तिनं खिडकीला जाड चादर लावली, ट्यूब काढून ठेवली, कोपऱ्यात गादी घातली आणि घरून आणलेली वाकळ घडी करून तिच्यावर ठेवली. दाराला आतून कडी आहे हे दोनदा बघितलं. तेव्हा कुठं तिला जरा बरं वाटलं. नाव सांगायला दोन मिनिटं लागतात, तिनं हिशेब केला. आधीचा वेळ खोलीत, नंतरचा वेळ खोलीत. मधली दोन मिनिटं निभतील.

आदल्या दिवशी ती वृंदाला म्हणाली, "ताई, नाही आलीस तरी चालेल. घरी आल्यावर सांग तिच्या कानात. मी कुणाला काही बोलू देणार नाही."

वृंदा उलटे कपडे घालायची. शिवण बाहेर आली की अंगाला टोचत नाही. त्या दिवशी ती बारशासाठी जुनी सुती साडी आणि उलटं पोलकं काढून ठेवत होती. तिनं पोलक्याची घडी तीनदा घातली.

"मी तिची आत्या आहे," ती म्हणाली. "घरी सांगितलं तर ते नुसतं सांगणं होतं. ठेवणं होत नाही."

बारशाच्या दिवशी सकाळी साडेनऊलाच हॉल भरला होता. फ्रिजवरच्या कागदावरचे सगळे आले होते आणि कागद आणखी वाढला असता तर ज्यांची नावं उमटली असती तेही आले होते. वृंदा दारातून आत आली तेव्हा तिच्या कानांत कापूस होता. विमलाबाईंनी तो बघितला. "चांगलं दिसतं का ते, चार माणसांत?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी तो मायेनंच काढून घेतला, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला, आणि वृंदाच्या केसांवरून हात फिरवायला गेल्या. मग आठवण होऊन हात मागे घेतला.

"आई, द्या तो," शलाका म्हणाली. पण बाळ तिच्या हातात होतं आणि अनघा, मृदुला तिच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि पर्स गर्दीत गेली.

पहिल्या पाच मिनिटांतच वृंदाचे पाय दिसेनासे झाले. खुर्च्या ओढल्या जात होत्या. घुगऱ्यांच्या पातेल्यावर झाकण आपटत होतं. कुणीतरी गुलाबपाणी शिंपडत होतं. माइक सगळ्यांचे श्वास मोठे करत होता. शलाका वाट काढत तिच्यापाशी पोचली तेव्हा काळी, पांढरी, मऊ, सगळी कुसळं कमरेपर्यंत चढली होती.

"खोलीत चल, ताई."

वृंदानं एक बोट वर केलं.

दोघी वधूच्या खोलीकडे गेल्या. शलाकानं दार उघडलं. आत हॉल होता. तोच हॉल, त्याच खुर्च्या, तोच पाळणा, आणि पलीकडच्या टोकाला एका दारापाशी बाळ घेतलेली एक बाई पाठमोरी उभी. शलाकानं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. हॉलच. तिनं हॉल ओलांडला, पलीकडचं दार उघडलं. पुन्हा हॉल, या वेळी खुर्च्या थोड्या जवळजवळ मांडलेल्या. प्रत्येक दाराआड माणसं तेवढीच होती आणि जागा थोडी कमी. पाचव्या दाराशी तिनं मागं बघितलं, तर वृंदा तिच्या मागं नव्हती.

"मकरंद, ती खोली कुठं गेली?"

"कुठली खोली?" मकरंद म्हणाला. त्याच्या हातात घुगऱ्यांची वाटी होती. "चल, पाळणा म्हणायची वेळ झाली. ताई कुठाय?"

बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. शकूमावशींनी माइक घेतला आणि पाळणा सुरू केला. गोड आवाज होता त्यांचा. गावोगावच्या बारशांत गायल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द हवेतून वळला आणि हॉलच्या मध्यावर गेला. तिथं आता गवताच्या गंजीएवढा ढीग उभा होता. माणसं त्याच्या कडेनं जात होती.

"डेकोरेशन छान केलंय," मृदुला म्हणाली. "गावाकडचं वाटतं अगदी."

दोन मुली गंजीसमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. फ्लॅशची पांढरी कुसळं सरसरत जाऊन बसत होती आणि गंजी दर फोटोमागे बोटभर वाढत होती.

"ती ताई आहे," शलाका म्हणाली. "सगळे जरा गप्प बसा. हात जोडते. ती आत आहे."

तिचं म्हणणं माइकनं उचललं आणि दहापट करून हॉलभर टाकलं. तिचेच शब्द, काळे आणि ताठ, तिच्या डोळ्यांदेखत जाऊन गंजीत रुतले. शलाकानं ओठ मिटले.

शकूमावशी तिसऱ्या कडव्यावर आल्या तेव्हा आवाज संपला. त्या गातच होत्या. तोंड उघडत होतं, मान डोलत होती, पण काही येत नव्हतं. हॉलमधला सगळा आवाज गंजीला चिकटून झाला होता. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीतरी टाळी वाजवून बघितली. मग घाबरून सगळेच बोलायला लागले, मग ओरडायला, खुर्च्या आपटायला. कशाचाच आवाज झाला नाही. फक्त गंजी वाढत राहिली, आणि छताला टेकली तेव्हा पंख्याची पाती तिच्यात अडकून थांबली. विमलाबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. वृंदे, वृंदे, असं त्या म्हणत होत्या, आणि ती हाकही जाऊन बसत होती.

शलाका बाळाला डाव्या हातावर घेऊन गंजीपाशी खाली बसली. ओरबाडायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. घुसलं असेल त्याच वाटेनं. तिनं उजव्या हातानं एक कुसळ धरलं, थोडं सैल केलं, काढलं. मग दुसरं. घुगऱ्यांच्या झाकणाचं. खुर्चीचं. अनघाच्या हसण्याचं. तिच्या स्वतःच्या 'हात जोडते'चं. बोटांतून रक्त यायला लागलं. मकरंद शेजारी येऊन बसला. त्यानं घाईघाईनं मूठभर कुसळं उपटली आणि ती मधोमध तुटली. गंजी आतून थरथरली. शलाकानं त्याचं मनगट पकडलं, मान हलवली आणि त्याला एक कुसळ काढून दाखवलं. कसं, ते. मकरंद बघत राहिला. अडतीस वर्षांची बहीण, आणि त्यानं आजवर एकही काढलं नव्हतं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं एक काढलं, नीट. मग आणखी एक.

किती वेळ गेला कळलं नाही. हातभर खोल एक बीळ तयार झालं. त्याच्या तळाशी वृंदाची बोटं दिसली. शलाकानं त्यांना हात लावला नाही. तिनं विचारलं, आवाज नव्हता तरी ओठांनी विचारलं, काढू का?

दोन बोटं वर झाली. थांब.

शलाका थांबली. मकरंदलाही तिनं थांबवलं. बीळ कडांनी मिटायला लागलं होतं, तरी ती थांबली, कारण थांब म्हणजे थांब. बाळ जागं होतं. सगळा हॉल तोंडं वासून ओरडत असताना ते बिळाकडे बघत होतं, एकटक, जसं ते पंख्याकडे बघायचं.

मग ती दोन बोटं उघडली. सगळा तळवा उघडला, वर केलेला, आणि बाहेर आला. तिला काय हवंय ते शलाकाला कळलं.

मकरंदनं जोरानं मान हलवली. नको. विमलाबाई पुढं धावल्या. शलाकानं दोघांकडे बघितलं नाही. या घरातल्या कुणालाही विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि त्यांचं बरोबर असतं. तिनं बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं, घट्ट, जसं वृंदाला वाकळीत गुंडाळायची तसं, आणि त्या तळव्यावर ठेवलं. दुसरा हात आला. दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, ओला कागद उचलावा तसं बाळाला आत नेलं.

बीळ मिटलं.

आणि आतून स्पष्ट आवाज आला, हॉलमधला एकमेव आवाज. "कुर्रर्र."

तो सगळ्यांनी ऐकला. बायकांचे चेहरे एकदम उजळले. रीत सुरू झाली होती. आता काय करायचं ते त्यांना माहीत होतं. शकूमावशींनी माइक खाली ठेवला आणि हात उगारला. कुलकर्णीकाकूंनी बांगड्या मागे सारल्या. अनघा, मृदुला, उस्मानाबादच्या सगळ्या, कागदावरच्या आणि कागदाबाहेरच्या, हसत, हात वर करून आत्याची पाठ शोधत गंजीकडे यायला लागल्या. पाठ कुठं असेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्या चारी बाजूंनी येत होत्या.

शलाका उठली. गंजीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून ती बीळ होतं त्या जागेला टेकली. कुसळं तिच्या गालात, छातीत रुतली. पहिला धपाटा तिच्या पाठीत पडला, मग दुसरा. पलीकडच्या अंगाला मकरंद तसाच उभा राहिला असावा. गंजीच्या पोटातून त्याला बसणारे धक्के तिला जाणवत होते. कशाचाच आवाज होत नव्हता. तिनं कान कुसळांना लावला.

आत वृंदा कुजबुजत होती. शब्द कळत नव्हते. नाव दोन अक्षरी असतं, तीन, फार तर चार. ही कुजबुज संपत नव्हती. धपाटे पडत होते आणि वृंदा सांगत होती, न थांबता, एका ओळीत, एकामागून एक.

मग ती थांबली. आणि आतून दुसऱ्या कुणीतरी, शलाकानं कधीच न ऐकलेल्या आवाजात, तिला सावकाश उत्तर द्यायला सुरुवात केली.